म्हातारी कोंबडी आजारी पडली तर आधी काय करायचं

कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते, हे आधी डोक्यात ठेवा. कळपात जी कमजोर दिसेल तिला बाकीच्या टोचे मारून हाकलतात, म्हणून अंगात त्राण नसलं तरी दाणे टाकले की ती पळत येते, चोच खाली-वर करते, पण पोटात काहीच जात नाही. त्यामुळे ती कोपऱ्यात पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे मिटून बसलेली दिसली ना, तर दुखणं आजचं नाहीये, दोनचार दिवस आधीपासून आतल्या आत चालूय. उद्या बघू म्हणून सोडलं तर बऱ्याचदा उद्या बघायला काही राहत नाही.

पण घाबरायच्या आधी ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, तर नाहीये ना ते बघा. खुडूक कोंबडी पण दिवसभर एका जागी बसते, कमी खाते, फुगलेली दिसते. फरक सोपा आहे, खुडकीला हात लावला की ती अजून फुगते, गुरगुरते, हातावर टोच मारते. आजारी कोंबडी गुपचूप उचलू देते, आणि जी एरवी हाताला लागत नाही ती अशी उचलू द्यायला लागली की समजून जा. पिसं झडण्याच्या काळातही कोंबड्या अशाच भकास दिसतात आणि अंडी बंद करतात, पण खातात व्यवस्थित.

खरंच आजारी असेल तर मेडिकलमध्ये पळू नका, आधी वेगळी ठेवा, ऊब द्या, पाणी पाजा. जुनं कार्टन किंवा भाजीचं क्रेट घ्या, खाली भाताचं तूस नाहीतर जुनं गोणपाट, आणि वर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, तो पण अर्ध्याच बाजूला आणि गोणपाटापासून लांब, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल आणि आग पण लागणार नाही. लोक एलईडी लावतात आणि म्हणतात बल्ब लावलाय तरी कुडकुडतेय, अहो त्याची ऊब नाही येत. लाईटचा भरवसा नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली तर ऊब जास्त झालीय. आणि अंगाला हात लावून ताप आलाय असं ठरवू नका, कोंबडीचं नॉर्मल तापमानच ४१-४२ सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्या हाताला ती कायम तापलेलीच लागणार. पेटी मात्र बाकीच्या दिसतील-ऐकू येतील अशी ठेवा, एकदम लांब नेलं तर ती खाणंच सोडते आणि नंतर कळपात परत सोडली की जास्त मार खाते. दुसऱ्या पण लोळागोळा दिसत असतील तर गोष्ट वेगळी, त्याचं खाली लिहिलंय.

पाणी पाजताना सगळ्यात जास्त घोळ होतो. चोच उघडून सिरिंजने फस्सकन पाणी सोडायचं नाही. तिच्या जिभेच्या बरोबर मागे एक छोटी फट उघडझाप करताना दिसते ती श्वासनळी, त्यात पाणी गेलं की संपलं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा, ती स्वतः आत ओढते, मग पुढचा. लिटरभर पाण्यात गुळाचा लहान खडा आणि अगदी चिमूटभर मीठ, हे एक-दोन दिवसच, मग साधं पाणी, कारण गोड पाणी जास्त दिवस चाललं की हगवण वाढते. खायला मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, नाचणीची पातळ पेज, किंवा लेअर मॅश (अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून. बुरशी आलेला मका कधीच नाही, पावसाळ्यात पोत्याच्या तळाला जो काळा पडतो तो, त्यातलं विष थेट लिव्हरवर जातं.

आता ती मांडीवर घेऊन नीट तपासा, रात्री घेतली तर शांत राहते. गळ्याखालची चाऱ्याची पिशवी सकाळी, खायला द्यायच्या आधी चाचपायची, ती रिकामी पाहिजे. कडक गोळा लागला तर गवत वगैरे अडकलंय, थोडं कोमट पाणी देऊन हलक्या हाताने चोळा. लिबलिबीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आत आंबलंय, अशा वेळी काही जण कोंबडी उलटी धरून ओकायला लावतात, ते करू नका, पाणी फुप्फुसात जाऊन मरते. मग छातीचं हाड बघा. दोन्ही बाजूचं मांस उतरून हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर दुखणं जुनं आहे. विष्ठा गडद हिरवी असेल तर बहुतेक ती खात नाहीये, नुसतं पित्त पडतंय. अधूनमधून पडणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची मात्र नॉर्मल असते. पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं बाजूला करून उवा बघा, म्हाताऱ्या कोंबडीला नीट धुळीत लोळता येत नाही म्हणून तिच्यावर त्या फार माजतात. चुलीची गार राख आणि कोरडी माती घमेल्यात घालून समोर ठेवा.

म्हातारपणाचे खरे आजार पोटाकडचे असतात. गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, बीव्ही ३०० सारखी लेअर, म्हणजे फार्मवरची अंड्यांची जात, ३०० च्या वर, त्यामुळे लेअर फार्मवरून दीड वर्षाची काढून आणलेली कोंबडी आतून कधीच थकलेली असते, त्या मानाने गावरान ७-८ वर्षं आरामात काढते. अंडं अडकलं तर ती शेपटी खाली टाकून, उभी राहून कुंथत राहते, चालते बदकासारखी. टबात कोमट पाणी घेऊन पोट बुडेल एवढी १५-२० मिनिटं बसवा, पुसून कोरडी करा, गुदद्वाराला बोटाने खोबरेल तेल लावा, थोडं लिक्विड कॅल्शियम द्या, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. पोट दाबून अंडं बाहेर ढकलायचं नाही, आत फुटलं तर वाचत नाही. दिवसभरात पडलं नाही तर डॉक्टर. पोट सगळीकडून सुटलंय आणि आत पाणी डुचमळतंय असं लागलं तर अंड्याचा बलक आत सांडून इन्फेक्शन झालेलं असू शकतं, नाहीतर लिव्हर गेलेलं. डॉक्टर पाणी काढतात, थोडे दिवस बरं वाटतं, परत भरतं. इथे खोटी आशा देत नाही.

पायाचं त्यातल्या त्यात सोपं. तळव्याला काळी खपली आणि सूज असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात भिजवा, बेटाडीन, कापूस, पट्टी, आणि ब्लेडने खपली उकरायचा मोह आवरा. खवले उठून पाय जाड झाले असतील तर आत बारीक किडे आहेत, जुन्या टूथब्रशने साबण-पाण्याने धुवून खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडा, काही आठवडे लावत राहा. गावाकडे रॉकेल लावतात, कातडी भाजते, नको. बसायची काठी वीतभर उंचीवर आणा, म्हाताऱ्या पायांना उडी सोसत नाही.

औषधाचं सांगायचं तर माणसांच्या पेनकिलर आणि अँटिबायोटिक गोळ्या अंदाजाने देऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, १९६२ वर फोन केला तर फिरत्या दवाखान्याची चौकशी करता येते. बऱ्याच डॉक्टरांचा रोजचा हात गाई-म्हशींवर असतो, म्हणून वजन, विष्ठेचा फोटो आणि शेवटचं अंडं कधी दिलं हे सांगायची तयारी ठेवून जा, उगाच "मान टाकलीय हो" एवढंच सांगितलं तर ते तरी काय करणार. मुंबईकरांना परळचं प्राण्यांचं बाई साकरबाई हॉस्पिटल आहेच.

एकीबरोबर दुसऱ्या पण मान वाकडी करायला लागल्या, हिरवं हगायला लागल्या तर मानमोडी (राणीखेत) असू शकते, त्याला औषध नाही, लसच. आणि अचानक पटापट मरायला लागल्या, तुरे निळे-काळे पडले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. २००६ ला नंदुरबारमधलं नवापूर आणि २०२१ ला परभणीतलं मुरुंबा, दोन्हीकडे बर्ड फ्लू निघाला होता. एरवी पण आजारी कोंबडी हाताळली की साबणाने हात धुवा, लहान मुलांना लांब ठेवा.

बरी झाली तर रात्री अंधारात खुराड्यात ठेवा, सकाळी भांडण कमी होतं. नाही झाली, पाणी पण गिळेना, एका कुशीवर पडूनच राहिली, तर डॉक्टरला इंजेक्शन देऊन सोडवायला सांगा, ताटकळत ठेवू नका. "जातेच आहे तर कापू" म्हणणारे घरात एक तरी निघतातच, त्यांना स्पष्ट नाही म्हणा, आजारी आणि औषधं चाललेली कोंबडी खायची नाही, औषध चालू असतानाची अंडी पण नाहीत, आणि बंद झाल्यावर किती दिवस टाकायची ते डॉक्टरलाच विचारा. पुरायची तर विहिरीपासून लांब, तीनेक फूट खोल, चुना टाकून, आणि वर दगड रचा, कुत्री उकरतात.