जुन्या ऑडिओ यंत्रांच्या दुरुस्तीत उतरताना

"जुना ॲम्प्लिफायर घेतलाय, सगळे कपॅसिटर बदलून टाकू का?" या कामात नव्याने उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्ता एकही बदलू नका. आधी झाकण काढा, मल्टीमीटर लावा आणि बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा.

सरसकट बदलाबदलीने नुकसान जास्त होतं. एका बैठकीत चाळीस कपॅसिटर बदलले की एखादा उलटा बसतो, एखाद्याखालची तांब्याची पट्टी उचकटते, कुठे सोल्डरचे दोन टाके एकमेकांना चिकटतात. यंत्रात आधी एक बिघाड होता, आता तीन झाले, आणि त्यातले आपण घातलेले कुठले हे ओळखायला काही मार्ग राहत नाही. समजा आवाज आलाच, तरी कशाने आला हे कळलेलं नसतं. पुढच्या यंत्रावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सुरुवातीला यंत्र निवडतानाही घाई नको. १९७० च्या दशकातला किंवा ८० च्या सुरुवातीचा, मध्यम ताकदीचा ट्रान्झिस्टरचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (निवड-व्हॉल्यूमचा प्रीॲम्प आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प एकाच खोक्यात असलेला) शिकायला सगळ्यात चांगला. सुटे भाग, सर्किटची मोकळी पाटी, आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जागोजागी व्होल्टेज लिहिलेला सर्किट डायग्राम. १९७८ चा एनएडी ३०२० घ्या: चॅनेलला अवघे २० वॅट, पण त्याच्यावर काम केलेले लोक इतके आहेत की अडलात तर माहिती हमखास मिळते. पायोनियर एसएक्स-१२५० सारखा चॅनेलला १६० वॅटचा राक्षस पहिल्या खेपेला नको. तिथे एक चूक झाली की आउटपुट ट्रान्झिस्टरांची अख्खी रांग जाते. व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प्लिफायर दिसायला देखणे, पण आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं आणि बंद केल्यावरही ते टिकून राहू शकतं. त्यांच्याकडे नंतर वळा. कॅसेट डेकही पहिला नको, कारण त्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रकाम अशी दोन्ही दुखणी एकदम अंगावर येतात.

हत्यारांत मल्टीमीटर, तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप आणि सिरीज बल्ब एवढ्यावर बरंच काम भागतं. सिरीज बल्बबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित हत्यार तेच आहे. ६० किंवा १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब यंत्राच्या फेज वायरमध्ये सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या साधारण दहावा हिस्सा असतो. त्यामुळे यंत्र धड असेल तर मुख्य कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंद होत विझल्यासारखा होतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटलेलाच राहतो, आणि ट्रान्झिस्टरपर्यंत जाणारा करंट तो आटोक्यात ठेवतो. म्हणजे प्लग लावल्यावर दोन सेकंदांत पहिलं निदान झालं, आणि काही जळलंही नाही. फक्त सिरीज बल्बवर असताना बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट, पुढे येईल) लावू नका. व्होल्टेज पडलेलं असतं, आकडे खोटे येतात.

त्याही आधी मागची पट्टी वाचा. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात, अमेरिकेतली १२० ची. अशी यंत्रं २३० वर लावली तर ट्रान्सफॉर्मरच जळतो, आणि नेमका तोच भाग पुन्हा मिळणं सगळ्यात कठीण. काहींना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. तो आधीच्या मालकाने कुठे ठेवलाय ते डोळ्यांनी बघा, गृहीत धरू नका.

मुख्य कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करायची सवय अनेक जुन्या कारागिरांना आहे. ती उचलू नका. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. ठिणगीने टर्मिनल खराब होतं, आणि हात दचकून भलतीकडे लागतो. २२० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर चिमट्यांनी लावा, दहा-बारा सेकंद थांबा, आणि मीटरने शून्य बघितल्याशिवाय आत बोट घालू नका.

आता खरं काम. स्टीरिओ यंत्राचं मोठं सुख असं की आत एकच सर्किट दोनदा बांधलेलं असतं. एक चॅनेल बिघडला असेल तर दुसरा तुमची उत्तरपत्रिका आहे. सर्व्हिस मॅन्युअल नसलं तरी डाव्या चॅनेलच्या ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचं व्होल्टेज आणि उजव्या चॅनेलच्या त्याच ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज शेजारी शेजारी लिहीत जा. जिथे आकडे फाटतात तिथे किंवा त्याच्या आसपास दुखणं असतं. थेट जोडणीच्या (मधे कपॅसिटर न घालता टप्पे जोडलेल्या) सर्किटमध्ये एका जागचा बिघाड पुढच्या-मागच्या सगळ्या टप्प्यांचे आकडे बिघडवतो, म्हणून "आसपास" म्हणतोय. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्टचा फरक दिसला पाहिजे, एवढं डोक्यात पक्कं असलं तरी निम्मे बिघाड पकडता येतात. या आकड्यांच्या वह्या मी फेकत नाही. तेच मॉडेल पुन्हा आलं की त्या मॅन्युअलपेक्षा जास्त कामाला येतात.

मोजायचा क्रम ठरवून घ्या. आधी पॉवर सप्लायचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रेल, म्हणजे सर्किटला पुरवली जाणारी दोन व्होल्टेजं. ते बरोबर नसतील तर पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही. मग डीसी ऑफसेट, म्हणजे स्पीकरकडे जाणारं नको असलेलं डीसी व्होल्टेज: स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर, मीटर मिलिव्होल्टवर आणि टोकं स्पीकरच्या टर्मिनलवर; रिलेने (स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचने) जोडणी केलीच नसेल तर त्याच्या ॲम्प्लिफायरकडच्या पायावर. पंधरा मिनिटं तापू द्या. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, शून्याजवळ असेल तर उत्तम. तिथे काही व्होल्ट दिसले तर आउटपुट किंवा त्याच्या आधीचा टप्पा बिघडलाय, आणि म्हणूनच सुरुवातीचा रिलेचा "टक" आवाज येत नाहीये. इथे लोक रिलेला बायपास करून "चालू" करतात. रिले नेमून दिलेलं कामच करत असतो, स्पीकरची कॉइल जळू देत नसतो. बायपास केलात तर ॲम्प्लिफायरबरोबर स्पीकरही जातात.

बायस म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही वाहणारा थोडासा करंट. तो एमिटर रेझिस्टरवरच्या व्होल्टेजवरून काढतात: ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २१ मिलिॲम्पिअर. किती ठेवायचा ते मॅन्युअल सांगतं, आणि दर कंपनीचा आकडा वेगळा असतो. मात्र जुना प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) फिरवण्याआधी त्याचा भरवसा तपासा. गंजलेल्या प्रिसेटचा मधला पाय क्षणभर सुटला तर काही सर्किटांत बायस थेट कमाल होतो आणि ट्रान्झिस्टर धूर सोडतात. मी असे उघडे प्रिसेट मोजून घेतो, त्याच आकड्यावर लावलेला नवा बंद प्रिसेट बसवतो आणि मगच पुढे जातो.

हम, म्हणजे सतत गुणगुण, येत असेल तर कान लावून दोन गोष्टी ठरवा. व्हॉल्यूमबरोबर तो वाढतो का? वाढत असेल तर उगम व्हॉल्यूमच्या आधी आहे, नसेल तर नंतर. दुसरं, तो जाड आहे की किंचित बारीक? जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे १०० हर्ट्झचा हम बहुतेक फिल्टर कपॅसिटरचा असतो, आणि ५० चा असेल तर अर्थिंग, शील्ड किंवा केबल बघायची. ६० हर्ट्झवर हेच आकडे १२० आणि ६० होतात.

सगळ्यात मजेशीर बिघाड म्हणजे तापल्यावर एकाच चॅनेलमध्ये येणारी फसफस आणि मधेच कडकड. बऱ्याच जुन्या रिसीव्हरच्या (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या यंत्राच्या) मागे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या असतात. यंत्र बंद करून त्या काढा आणि साध्या केबलने डावं-उजवं अदलाबदल करा. फसफस दुसऱ्या स्पीकरवर गेली तर दोष प्रीॲम्पमध्ये, तिथेच राहिली तर पॉवर ॲम्पमध्ये. अर्धं यंत्र चौकशीतून सुटलं. आता फ्रीझ स्प्रेची (भाग क्षणात थंड करणाऱ्या फवाऱ्याची) बारीक नळी एकेका ट्रान्झिस्टरवर धरा. डोक्यावर पांढरं दव जमतं, आणि दोषी ट्रान्झिस्टर सापडला की फसफस एकदम थांबते. पुन्हा तापला की हळूहळू परत येते. जुन्या जपानी यंत्रांत २एससी४५८ हा या बाबतीत बदनाम आहे. त्या काळातल्या काही ट्रान्झिस्टरचे चांदीचा मुलामा दिलेले पाय काळे पडलेले दिसतात, तीही एक खूण. पर्यायी ट्रान्झिस्टर बसवताना पायांचा क्रम डेटाशीटवर ताडून घ्या, कारण दिसायला सारखे असले तरी क्रम सारखा असेलच असं नाही.

त्याच काळातल्या पाट्यांवर मोठे कपॅसिटर पक्के बसावेत म्हणून फिकट पिवळसर गोंद लावलेला असायचा. वर्षानुवर्षं तापून तो तपकिरी होतो, वीज वाहून नेऊ लागतो आणि शेजारच्या भागांचे पाय खातो. दिसला की खरवडून काढा. हा एक "सरसकट" नियम मला मान्य आहे.

"चॅनेल मेला" म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी बरीच मेलेली नसतातच. टेप मॉनिटरचा स्विच, स्पीकर सिलेक्टर, बॅलन्सचा पॉट, रिलेचे संपर्क यांपैकी काहीतरी काळं पडलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक कामाचा कॉन्टॅक्ट क्लीनर आत मारा आणि स्विच मनापासून मागे-पुढे फिरवा. गंजलेल्या स्क्रूसाठीचा घरगुती स्प्रे इथे वापरू नका, त्याचा थर मागे राहून धूळ धरतो.

मग कपॅसिटर बदलायचे कधी? मोजून वाईट निघाले की. किंवा हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) चिकटून वर्षानुवर्षं भाजलेले असले की. नवीन घेताना व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, तापमानाची मर्यादा १०५ अंशांची, आणि काढायचा एक, घालायचा एक. मुख्य फिल्टर कपॅसिटर वीस टक्के मोठा चालतो. दुप्पट घातला तर सुरू होतानाचा झटका रेक्टिफायर आणि स्विचला सोसावा लागतो. मेन्सच्या तारांवरचा कपॅसिटर मात्र एक्स२ किंवा वाय (मेन्ससाठी सुरक्षित ठरवलेल्या) वर्गाचाच हवा, तिथे हाताला येईल तो नको.

अपग्रेडबद्दल माझं मत जरा कडू आहे. सर्किट मूळ आकड्यांवर आणल्याशिवाय केलेलं अपग्रेड म्हणजे भिंतीची ओल न काढता रंग देणं. लोक ४५५८ ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी छोटी आयसी) काढून ५५३२ घालतात. चांगला आहे, पण तो जास्त करंट घेतो, आणि सप्लायच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर नसेल तर ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होऊ (स्वतःच थरथरू) शकतो. ऑसिलोस्कोप नसेल तर या वाटेला जाऊ नका. डायलचे बल्ब काढून एलईडी लावायलाही हरकत नाही, फक्त तिथे एसी आहे की डीसी ते बघा, नाहीतर लुकलुक दिसते.

कानाला खरोखर जाणवणारा फरक बहुतेक वेळा स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेयरच्या सुईत असतो. स्पीकरच्या कोनभोवतीचा फोम वीस-पंचवीस वर्षांत भुसा होतो. नवा चिकटवताना कॉइल मधोमध राहिली पाहिजे. डिंक ओला असताना २०-३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवायचा. कॉइल कुठे घासत असेल तर बारीक खरखर ऐकू येते, आणि तेवढ्यात कोन बोटाने सरकवता येतो. त्यानंतर चोवीस तास हात लावायचा नाही. क्रॉसओव्हरमधले (जाड-बारीक सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटणाऱ्या सर्किटमधले) बायपोलर कपॅसिटर याच बैठकीत मोजून घ्या. तिथे फिल्म कपॅसिटर घातले तर वरचा आवाज किंचित उघडा होतो. काहींना आवडतो, मला प्रत्येक स्पीकरवर आवडत नाही.

दुसऱ्यांची यंत्रं घ्यायला लागलात की कामाचं स्वरूप बदलतं. उघडण्याआधी फोटो काढा, आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून द्या, काढलेले भाग पिशवीत घालून परत करा. दुरुस्तीनंतर आधी डमी लोडवर (स्पीकरऐवजी लावायच्या मोठ्या रेझिस्टरवर), मग साध्या स्पीकरवर तीन-चार तास चालवा, आणि गरम असतानाच ऑफसेट व बायस पुन्हा मोजा. तापून बिघडणारं यंत्र इथेच सापडतं. काही कामं घेऊच नका: जळालेला ट्रान्सफॉर्मर, पाण्यात बुडालेली पाटी, आणि ज्यांच्या आउटपुटच्या एसटीके मॉड्यूलचा (अख्खा आउटपुट टप्पा एकाच तुकड्यात असलेल्या भागाचा) खात्रीचा पुरवठा नाही अशी यंत्रं. त्या मॉड्यूलच्या नकला बाजारात खूप आहेत, आणि नकली मॉड्यूल आठवड्याभरात गेलं की ग्राहक तुमच्याच दाराशी येतो.