झोपून असलेल्या रुग्णाला पातळ संडास? आधी मागचे चार दिवस आठवा

चार-पाच दिवस संडासला झालेलं नाही आणि आज अचानक पाण्यासारखं, थोडं थोडं, नकळत डायपरला लागतंय. अशा वेळी लगेच लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, देऊ नका! बऱ्याचदा आत घट्ट मळाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. त्या गोळीने तो खडा आणखी घट्ट बसतो. पोट फुगलंय का, ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन (बद्धकोष्ठता करणारी वेदनाशामक औषधं) चालू आहे का, हे बघून डॉक्टरांना कळवा. इसबगोलही इथे नको. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णात ते आतच फुगून बसतं. लॅक्टुलोज या रेचक औषधाचा गुण यायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा मनाने डोस वाढवू नका. पोटदुखीसोबत उलट्या असतील तर कुठलंच रेचक न देता थेट दवाखाना गाठा.