लार्ज फॉरमॅटसाठी फिल्टर निवडताना

४×५ कॅमेऱ्याच्या (४×५ इंची फिल्मचा लार्ज फॉरमॅट कॅमेरा) प्रत्येक लेन्सचा आटा, म्हणजे फिल्टर फिरवून बसवायची चकती, वेगळ्या मापाचा असतो. निक्कोर-डब्ल्यू १५० मिमी लेन्सचा ५२ मिमी, तर २१० मिमीचा ६७ मिमी. म्हणून प्रत्येक मापाचे फिल्टर घेऊ नका. सर्वांत मोठा आटा पाहून त्याच मापाचे गोल फिल्टर घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान आट्यावर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. रिंग शक्यतो पितळी असावी; ॲल्युमिनियमची थंडीत अडकून बसते.

आकाश दाबणारे ग्रॅज्युएटेड (वर गडद, खाली पारदर्शक) फिल्टर हवे असतील तर १०० मिमी होल्डर आणि १००×१५० मिमीचे फिल्टर घ्या, म्हणजे वर-खाली सरकवता येतात. फिल्टर बसवताना लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) फोटोसाठी वापरणार त्या मापाएवढे, समजा एफ/२२ इतके, लहान करा. गडद भाग संपून पारदर्शक सुरू होतो ती संक्रमणरेषा ॲपर्चरनुसार बदलते, उघड्या लेन्सवर ती फसवी दिसते. ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्याच्या मागची, चित्र दिसणारी दुधी काच) चित्र उलटे असते, आकाश खाली.

मग कोपरे तपासा, ही पायरी कधीच टाळू नका. राइज किंवा शिफ्ट (लेन्स वर किंवा बाजूला सरकवणे) देऊन झाल्यावर, ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहा. ॲपर्चरचे छिद्र पूर्ण दिसले पाहिजे. होल्डर किंवा रिंगेने ते कापले जात असेल, तर फोटोचा कोपरा काळा येणार. ९० मिमीसारख्या वाइड लेन्सवर हे हमखास घडते. तिथे एकच खाच असलेला होल्डर वापरा.

फिल्टर लेन्सच्या मागे लावलात तर फोकस फिल्टरच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो. त्यामुळे फिल्टर लावूनच फोकस करा. एक्स्पोजर हातानेच वाढवायचे: पिवळ्या ८ नंबरच्या फिल्टरला १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), लाल २५ नंबरला ३ स्टॉप.