पावसात किचन चिमणीतून पाणी ठिबकत असेल तर

आधी थेंब बोटावर घ्या. चिकट, पिवळसर असेल तर ते तेल. फिल्टर आणि तेलाची वाटी साफ करा. स्वच्छ पाणी, तेही वाऱ्यासह पाऊस आला की, म्हणजे दोष भिंतीतल्या भोकात. पाणी मोटरपर्यंत गेल्याची शंका असेल तर स्विच बंद करून प्लग काढा.

धूर भिंतीतून बाहेर नेणारा डक्ट पाइप साधारण 6 इंची, भोक त्याहून थोडं मोठं. चिमणी बसवणारे मधली फट बऱ्याचदा नुसत्या व्हाइट सिमेंटने लिंपतात. दोन उन्हाळ्यांत त्या सिमेंटला तडे जातात. ते खरवडून काढा, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट मॉर्टरने फट भरा, वाळल्यावर बाहेरून सीलंट. सीलंट न्यूट्रल क्युअर (आंबट वास न येणारं सिलिकॉन) किंवा पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन प्लास्टरला नीट धरत नाही.

पाइपच्या बाहेरच्या तोंडावरच्या झाकणाच्या, म्हणजे काउल कव्हरच्या पट्ट्या खाली तोंड करून हव्यात. उलटं बसवलेलं कव्हर पाणी आतच घेतं. कव्हरच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा सील करा, खालची मोकळी ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत शिरलेलं पाणी स्वयंपाकघराकडेच वळतं. हे फारसं कुणी सांगत नाही.

भिंतीतला पाइप बाहेरच्या बाजूला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतरता असावा. लवचीक ॲल्युमिनियम पाइपला मध्ये पोट आलं असेल तर तो ताणून जादा लांबी कापा, सांध्यावर फॉइल टेप लावा.

काम मे महिन्यातच उरका. ओल्या भिंतीवर सीलंट टिकत नाही.