जगाच्या अंताची वाट पाहत म्हातारे झालेल्या माणसाला सोबत कशी करावी

ज्या माणसाने विशी-पंचविशीत मनोमन धरून ठेवले होते की हे जग आपल्या डोळ्यांदेखत संपणार आहे, आणि जो आज पंचाहत्तरी ओलांडून बसला आहे, त्याच्याशी या विषयावर काय बोलावे हे बहुधा त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. मुले चिडून बोलतात, भाचे-पुतणे विषय टाळतात, आणि मंडळीतले, म्हणजे त्याच्या चर्चमधले, सोबती चाळीस वर्षांपूर्वी म्हणत होते तेच आजही म्हणतात, की धीर धरा, आता फार दिवस उरलेले नाहीत. पुढच्या सूचना अशा माणसाच्या जवळच्या कोणासाठीही आहेत, मग तुम्ही स्वतः श्रद्धावान असा वा नसा. कोणाची श्रद्धा सोडवणे हा त्यांचा हेतू नाही. भाकीत खरे न ठरल्याने आपले नेमके काय गेले, हे त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने म्हणता यावे आणि राहिलेले आयुष्य त्याने आणखी पुढे ढकलू नये, एवढेच मला हवे आहे.

बाहेरच्याला वाटते की तारीख चुकली म्हणजे श्रद्धेला तडा गेला आणि दुःख त्याचेच असणार. माझा अनुभव निराळा आहे. तारखेचा धक्का काही महिन्यांत ओसरतो. मागे उरतात ते त्या तारखेच्या भरवशावर घेतलेले, आणि त्याहून जास्त म्हणजे कधी घेतलेच नाहीत असे निर्णय. शिकण्यात वेळ कशाला घालवायचा म्हणून शिक्षण अर्धवट राहिले, या दुष्ट जगात मूल कशाला आणायचे म्हणून मूल झाले नाही, म्हातारपण येणारच नाही म्हणून त्याची तरतूद केली नाही. यांतला एकही निर्णय त्या वेळी वेडेपणाचा वाटला नव्हता. मानलेल्या गोष्टीशी तो प्रामाणिक होता, आणि म्हणूनच आज तो इतका बोचतो.

मदतीला जाण्यापूर्वी अशी भाकिते चुकल्यावर काय होत आले आहे, हे थोडे माहीत करून घ्या. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकातील २३०० दिवसांचा अर्थ २३०० वर्षे असा लावून ख्रिस्ताचे पुनरागमन, आणि त्याबरोबर जगाचा अंत, मार्च १८४३ ते मार्च १८४४ या वर्षभरात होईल असे सांगितले. ती मुदत टळली, तेव्हा त्याच्याच एका अनुयायाने २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस काढला. हजारो लोक त्या रात्री वाट पाहत बसले आणि त्यांतल्या एकाने पुढे लिहून ठेवले की आम्ही पहाट होईपर्यंत रडत होतो. मिलरने आपली चूक कबूल केली, पण तो दिवस जवळच आहे ही आशा १८४९ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. काही अनुयायी पांगले, काही नव्या तारखा काढत राहिले, आणि काहींनी असा अर्थ लावला की दिवस बरोबरच होता, फक्त त्या दिवशी जे घडले ते पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गातील पवित्रस्थानात घडले. याच शेवटच्या गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट ही मंडळी उभी राहिली.

हीच वळणे नंतरही दिसतात. आज यहोवाचे साक्षीदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चळवळीत १९१४ या वर्षाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. पुढे त्या वर्षाचा अर्थ अदृश्य राज्याचा आरंभ असा सांगितला गेला. मग १९२५ मध्ये अब्राहाम, इसहाक आणि याकोब हे बायबलमधील पूर्वज मेलेल्यांतून उठतील अशी वाट पाहिली गेली. पहिला माणूस आदाम याच्या निर्मितीपासूनची सहा हजार वर्षे १९७५ मध्ये पूर्ण होतात आणि अंत त्या सुमारास येईल असा हिशेब मांडला गेला, तेव्हा काहींनी घरदार विकून राहिलेला वेळ प्रचाराला दिला. त्या निराशेबद्दलची खंत १९८० मध्ये छापून आली. १९१४ पाहिलेली पिढी संपण्याआधी अंत येईल, ही शिकवण १९९५ पर्यंत होती; नंतर ‘पिढी’ या शब्दाचाच अर्थ बदलला. रेडिओवरून उपदेश करणाऱ्या हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर सांगितला, आणि मार्च २०१२ मध्ये मात्र तारीख सांगणे हेच पाप होते असे लेखी मान्य केले. स्वतःहून अशी उघड कबुली फार थोड्यांनी दिली आहे.

म्हणजे भाकीत चुकल्यावर हिशेब पुन्हा मांडला जातो, घटना अदृश्य असल्याचे सांगितले जाते, किंवा अपेक्षा ठेवण्यात अनुयायांचीच घाई झाली असे ठरते. तुमच्या माणसाने यांपैकी काय स्वीकारले आहे हे आधी नीट ऐकून घ्या, कारण तिसऱ्या मार्गाने गेलेला माणूस सगळा दोष स्वतःवर घेऊन बसलेला असतो आणि त्याच्याशी बोलण्याची रीत वेगळी असावी लागते. भाकीत चुकले की श्रद्धा उलट घट्ट होते, हा निष्कर्ष तुमच्या वाचनात आला असेल. डिसेंबर १९५४ मध्ये महापूर येणार असे मानणाऱ्या अमेरिकेतील एका लहानशा गटाच्या अभ्यासातून तो निघाला आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र अभ्यासकच श्रद्धावान असल्याचे भासवून त्या गटात शिरले होते, त्यामुळे आपल्या घरातल्या माणसाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येऊ. सुरुवात हिशेबाने करू नका. ‘त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही’ या आशयाचे बायबलमधील मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील वचन त्याच्यापुढे टाकण्याचा मोह होईल, पण ते वचन त्याला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असते, आणि दिवस ठाऊक नाही म्हटले आहे, वर्ष ठाऊक नाही असे म्हटलेले नाही, हे उत्तरही त्याने पूर्वीच ऐकलेले असते. असा वाद तुम्ही जिंकलात तरी एका म्हाताऱ्या माणसाला तुम्ही गप्प केलेले असते, त्याहून अधिक काही साधत नाही. त्याऐवजी त्या काळाबद्दल विचारा. तेव्हा दिवस कसा जात होता, बरोबर कोण होते, त्या रात्री घरी परतताना काय बोलणे झाले, दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर लोकांच्या नजरेला नजर कशी दिली. या प्रश्नांना चूक किंवा बरोबर असे उत्तर नसते, म्हणून त्यांची उत्तरे मिळतात.

माझ्या मावशीशी मी बरीच वर्षे चुकीचे बोललो. तिच्याकडे एक जाड पुठ्ठ्याची वही होती, तिच्या शेवटच्या पानांवर पेन्सिलने वर्षांच्या बेरजा केलेल्या होत्या आणि एकेक बेरीज खोडून तिच्याखाली नवी लिहिलेली होती. एका जागी इतके खोडले होते की कागद विरून पलीकडचे अक्षर दिसत होते. मी ती बेरीज कशी चुकली हे तिला समजावून सांगू लागलो की ती वही मिटून ठेवायची. एकदा मात्र मी सहज विचारले, "मावशी, हे खोडलंस तेव्हा घरी कोण होतं?" ती म्हणाली, "कोणीच नव्हतं. म्हणून तर खोडता आलं." त्यानंतर ती दोन तास बोलत होती, आणि त्यात बेरजेचा विषय एकदाही निघाला नाही.

हे बोलणे सुरू झाले की पुढचे काम म्हणजे ते लिहून ठेवणे, आणि या सगळ्यात मी सर्वांत जास्त भर यावरच देईन. शिकवण हळूहळू बदलत जाते तेव्हा जुने शब्द कोणी परत घेत नाही. ते नुसते उच्चारायचे थांबतात, आणि दहा वर्षांनी ‘असे आम्ही कधी म्हटलेच नव्हते’ हे वाक्य ऐकू येऊ लागते. ज्याने ते शब्द स्वतः ऐकले, त्यांच्यावर विसंबून नोकरी सोडली, त्याला मग स्वतःच्या आठवणीचाच संशय येतो. तेव्हा एक साधी वही घ्या आणि त्याच्या सांगण्यावरून वर्षवार नोंदी करा: कोणत्या साली काय ऐकले, ते कोणी सांगितले, त्यावरून काय ठरवले, ते ठरवताना मनात काय होते. जुनी पत्रे, छायाचित्रांमागच्या तारखा, मंडळीची जपून ठेवलेली मासिके यांचा उपयोग होतो, पण मासिके तुम्ही शोधून त्याच्यासमोर पुराव्यासारखी मांडू नका. त्याने मागितली तरच आणा. वही त्याच्याजवळच राहू द्या. त्यातले कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हे त्याचे त्याने ठरवावे.

वही भरत जाईल तसे दुःख वर येईल आणि ते नेहमी अपेक्षित ठिकाणी येत नाही. मूल न होऊ दिलेली बाई मुलाबद्दल काहीच बोलणार नाही, पण सोडून दिलेल्या संगीताच्या शिकवणीबद्दल रडेल. तेव्हा ‘सगळे आयुष्य वाया गेले’ यावर मान डोलावू नका आणि ‘निदान श्रद्धा तरी होती’ असे सांत्वनही करू नका. दोन्हींत तुम्ही त्याच्या आयुष्याचा निवाडा करता. ‘ती शिकवणी तुला हवी होती’ एवढे म्हणणे पुरते. आणि जे चांगले होते ते चांगलेच होते, हेही त्याला म्हणू द्या. एकत्र गायलेली स्तोत्रे, आजारपणात धावून आलेली माणसे, दारूपासून सुटका, वाचायची गोडी हे सगळे खरे असते आणि तारीख चुकल्याने ते खोटे ठरत नाही.

सर्वांत अवघड बोलणे मरणाचे आहे. १९२० मध्ये ‘आज हयात असलेले लाखो लोक कधीच मरणार नाहीत’ असे सांगणारी एक पुस्तिका निघाली होती, आणि त्या प्रकारचे आश्वासन ज्याने तरुणपणी मनाशी धरले त्याने स्वतःच्या मरणाची तयारी कधी केलेलीच नसते. इतर माणसे पन्नाशीपासून या विचाराला थोडीथोडी सरावतात. हा माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जोडीदार गेल्यानंतर, पहिल्यांदाच त्याच्यासमोर उभा राहतो. त्याला वाटणाऱ्या भीतीत लाजही मिसळलेली असते, कारण मरणाची भीती वाटणे म्हणजे आशा कमी पडणे असे त्याला शिकवलेले असते. येथे घाई करू नका. शरीराच्या व्यवहारातून या विषयाकडे जाणे सोपे जाते: शुद्ध हरपली तर उपचारांचा निर्णय कोणी घ्यावा, कोणते उपचार नकोत, अंत्यविधी कोणत्या पद्धतीने व्हावा, निरोप कोणाकोणाला जावा. एकेक प्रश्न वेगळ्या दिवशी विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. रात्री झोप येत नसेल तर त्या वेळी फोन करायला एक माणूस ठरवून द्या, आणि तो माणूस खरोखर फोन उचलेल याची खात्री करा.

व्यवहाराची कामे याच्याबरोबरीने चालू द्यावीत. डोळे, दात, कान आणि रक्तदाब यांची तपासणी आधी करा, कारण नवे शरीर मिळणारच आहे या विश्वासाने अनेकांनी ही दुखणी वर्षानुवर्षे अंगावर काढलेली असतात. मावशीने नव्वदीत असल्यासारखे मऊ अन्न खात सत्तरी काढली होती. कवळी बसवल्यावर तिने आधी आरशात पाहिले नाही, ती किती वर्षे टिकेल ते विचारले. त्यानंतर पैसे: निवृत्तिवेतन किंवा सरकारी साहाय्य मिळण्याजोगे आहे का, खात्यांवर वारसाचे नाव कोणाचे आहे, घर कोणाच्या नावावर आहे, मृत्युपत्र आहे का. दान दिलेला पैसा परत मागायचा की नाही यावर भांडण उभे करू नका. तो बहुधा परत येत नाही, आणि त्या भांडणात त्याची राहिलेली शक्ती मात्र खर्च होते.

मंडळी सोडण्याचा आग्रह तुम्ही धरू नये. काही मंडळ्यांत उघडपणे बाहेर पडणाऱ्याशी पोटची मुलेही बोलणे बंद करतात, आणि ही किंमत त्या माणसाला भरायची असते, तुम्हाला नाही. मनातली शंका कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हे त्याला शांतपणे ठरवू द्या, आणि ते ठरण्याआधी मंडळीबाहेरची दोन-तीन माणसे त्याच्या आठवड्यात येतील अशी सोय करा: फिरायला जाणारा सोबती, वाचनालयातली ओळख, जुन्या शाळेतला मित्र. मंडळी सोडायचीच नाही असे ठरवून तो आत राहिला, तरी ही माणसे उपयोगी पडतात. याला अपवाद एकच. नवी तारीख मनात धरून कोणी औषधे बंद केली, सगळे वाटून टाकू लागला, किंवा सर्वांनी बरोबरच जाण्याच्या गोष्टी करू लागला, तर थांबू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्या आणि त्याला एकटे सोडू नका.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, नाहीतर तुम्ही खचाल. सगळे सुरळीत चालले असताना एखादे युद्ध, साथ किंवा भूकंप होतो आणि तो माणूस पहाटे उठून पुन्हा चिन्हे मोजू लागतो. तुमची मेहनत वाया गेली असा याचा अर्थ नाही. पन्नास वर्षे बातमीकडे एकाच नजरेने पाहिलेले असते, ती नजर वर्षा-दोन वर्षांत जात नाही. अशा दिवशी त्याच्या शेजारी बसा, बातम्या थोडा वेळ बंद करा, आणि जुन्या वहीतली अशाच एखाद्या वर्षाची नोंद काढून त्याला स्वतःलाच वाचू द्या. ती मोठ्याने वाचली तर ऐका, मनात वाचली तर थांबा. मग त्या दिवशीचे जे काम ठरलेले असेल, औषध आणायचे किंवा बँकेत जायचे, त्यासाठी त्याच्याबरोबर बाहेर पडा.