मनालीची कुंडं आणि देवळं: आधी मणिकर्ण, मग वसिष्ठ

मुंबईहून निघालेले बहुतेक जण चंदीगडहून रात्रीच्या बसने थेट मनाली गाठतात आणि मणिकर्णसाठी तीच वाट उलटी तुडवतात. त्यापेक्षा भुंतरला उतरा. ते कुल्लूच्या अलीकडेच लागतं, आणि तिथून पार्वती नदीच्या काठाने मणिकर्ण साधारण 35 किलोमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरडी कोसळतात. तेव्हा हा बेत नकोच.

मणिकर्णचं पाणी म्हणजे आपलं वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीचं गरम पाण्याचं कुंड नव्हे. झऱ्याच्या तोंडाशी ते खदखदतं, बोटही घालू नका. आंघोळ थंड पाणी मिसळलेल्या कुंडातच करायची. पार्वतीच्या कानातला मणी इथे हरवला आणि शेषनागाच्या फूत्काराबरोबर वर आला, अशी कथा. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचं अन्नही याच उष्णतेवर शिजतं. स्वतः कुंडात भात शिजवायचा असेल तर सुती फडक्यात तांदूळ निम्म्याहून कमी घ्या. पुरचुंडी गच्च बांधली तर दाण्यांना फुगायला जागा उरत नाही, मधला गोळा कच्चाच राहतो. या उंचीवर पाणी 94 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून घरच्यापेक्षा वेळ जास्त लागतो. सुतळीचं दुसरं टोक कठड्याला बांधा, नाहीतर पुरचुंडी गेलीच.

वसिष्ठ गाव मनालीपासून 3 किलोमीटरवर, ब्यासच्या पलीकडे. देवळालगत बायकांचं आणि पुरुषांचं कुंड वेगळं. पाण्यात गंधक आहे, तेव्हा चांदीची जोडवी-पैंजण खोलीवरच काढून ठेवा, काळी पडतात. आधी पाय सोडून बसा, मग हळूहळू उतरा. दहा मिनिटं पुरेत. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. साबण अजिबात नको. बाहेर पडताच डोकं कोरडं करून माकडटोपी चढवा, मग ती कितीही विनोदी दिसो. पुत्रशोकाने वसिष्ठांनी पाशांनी बांधून घेऊन नदीत उडी टाकली, नदीने पाश सोडवले. म्हणून ती विपाशा, आजची ब्यास.

हिडिंबेचं देऊळ 1553 मध्ये राजा बहादुर सिंहाने बांधलं: देवदारांच्या बनात, एकावर एक चार छपरांचं, 24 मीटर उंच. दार ठेंगणं आहे, वाकूनच शिरा. आत भव्य मूर्ती शोधू नका. खडक आहे, देवीची पावलं आहेत. आपल्याकडे ‘हिडिंबा’ हा टोमणा, तिथे ती कुल्लूच्या राजघराण्याची आजी. रांगेत चेष्टा नको. घटोत्कचाचं ठाणं जवळच, झाडाखाली.