वेबच्या वर्णपटावरून दूरच्या दीर्घिकेचं अंतर कसं ताडून पाहावं

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरवून टिपलेला प्रकाश, बघायला खगोलशास्त्रज्ञ असावं लागत नाही. निरीक्षणं सहसा वर्षभर संबंधित गटाकडे राहतात, मग ‘मास्ट’ या संग्रहात सर्वांना फुकट खुली होतात. तुमच्याकडे हवा फक्त कॅल्क्युलेटर आणि थोडा संशयी स्वभाव.

१. वर्णपट मिळवा. मास्टमध्ये ‘निरस्पेक’ हे वेबचं वर्णपट टिपणारं उपकरण निवडता येतं, पण नवख्याने कोपनहेगनच्या कॉस्मिक डॉन सेंटरच्या संग्रहापासून सुरुवात केलेली बरी. तिथे वर्णपट संस्कार करून तयार असतात. प्रिझमने ०.६ ते ५.३ मायक्रॉनचा सगळा पट्टा एका दमात येतो, मात्र जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात. म्हणून प्रकाश जास्त बारकाईने पसरवणाऱ्या ग्रेटिंगचा (जाळीचा) वर्णपट घ्या.

२. आलेखाआधी द्विमितीय पट्टी बघा. ही पायरी लोक हमखास गाळतात. निरस्पेक लक्ष्याला त्याच्यापुरत्या उघडलेल्या बारीक झडपांच्या खिडकीत किंचित वर-खाली सरकवून टिपतं आणि पार्श्वभूमी काढण्यासाठी त्या नोंदी एकमेकींतून वजा होतात. त्यामुळे खरी रेषा म्हणजे मधोमध उजळ ठिपका आणि त्याच्या बरोबर वर-खाली त्याचीच काळी, ऋण छाया. छायेविना एकटाच चमकणारा ठिपका बहुधा वैश्विक किरणाचा किंवा बिघडलेल्या पिक्सेलचा असतो.

३. त्रिकूट शोधा. नव्याने जन्मलेल्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने भोवतालचा वायू उजळतो. त्यातल्या ऑक्सिजनच्या दोन रेषा मुळात ०.४९६० आणि ०.५००८ मायक्रॉनवर असतात. दोन्ही एकाच ऊर्जापातळीवरून निघतात, म्हणून त्यांची तीव्रता कायम १:३ च्या आसपास. त्यांच्या डावीकडे, ०.४८६३ वर, हायड्रोजनची बीटा रेषा. (हे आकडे निर्वातातले आहेत. जुन्या तक्त्यांत हवेतले असतात, ते इथे वापरू नका.)

४. भागा आणि एक वजा करा. रेषा जिथे दिसली ती तरंगलांबी तिच्या मूळ तरंगलांबीने भागून एक वजा केला की ताम्रसृती मिळते, म्हणजे विश्वाच्या प्रसरणात प्रकाश किती ताणला गेला याचं माप. ती जितकी जास्त, तितकी दीर्घिका दूरची. खरं उदाहरण घेऊ. सीअर्स-९३३१६ ही दीर्घिका २०२२ मध्ये गाजली, कारण वेगवेगळ्या रंगपट्ट्यांच्या फिल्टरमधून घेतलेल्या छायाचित्रांतल्या प्रकाशावरून तिची ताम्रसृती १६ च्या पुढे निघाली होती. म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षांची वेळ! मग वर्णपट आला. ऑक्सिजनची ठळक रेषा २.९६ मायक्रॉनवर. २.९६ ÷ ०.५००८ = ५.९१, त्यातून १ गेला की ताम्रसृती ४.९१. महास्फोटानंतर सुमारे १२० कोटी वर्षं.

इथे थांबू नका. हायड्रोजनची अल्फा रेषा ०.६५६५ वर असते. तिला ५.९१ ने गुणलं की ३.८८ येतात. तिथे ती दिसायलाच हवी, आणि ती होतीही. एका रेषेवरून काढलेल्या ताम्रसृतीवर मी तरी विश्वास ठेवत नाही. फसगत झाली होती ती या जोरकस रेषांमुळेच: त्या नेमक्या रुंद फिल्टरांत पडल्या, त्यात धुळीचा लालसरपणा मिसळला आणि दीर्घिका होती त्याहून फार दूरची वाटली.

५. ताऱ्यांचा जन्मदर. अल्फा रेषा जितकी तेजस्वी, तितके तरुण तारे जास्त. आधी अल्फाला बीटाने भागा. धूळ नसेल तर उत्तर साधारण २.८६ येतं. त्याहून जास्त आलं तर धुळीने प्रकाश गिळला आहे, तेवढी भर घालावी लागते. शिवाय झडपेची खिडकी जेमतेम ०.२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद. पसरट दीर्घिकेचा बराच प्रकाश बाहेरच राहतो, तेव्हा वर्णपट छायाचित्रातल्या तेजस्वितेशी जुळवून घ्या. ताम्रसृती ७ च्या पुढे अल्फा रेषा निरस्पेकच्या पल्ल्याबाहेर जाते.

सरावाला एक भाकीत करून ठेवा. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ‘अलकनंदा’ या सर्पिल दीर्घिकेची ताम्रसृती, सुमारे ४, फिल्टरांवरूनच काढली होती. अर्थात तिथे वीसेक फिल्टर हाताशी होते, त्यामुळे भरवसा पुष्कळ जास्त. तिच्या वर्णपटात ऑक्सिजन २.५ मायक्रॉनच्या आणि अल्फा ३.३ मायक्रॉनच्या आसपास शोधायला हवी.